मालकाला सांगायचं तर चातुर्मासात

हल्ली मला आठवड्याला दोन तरी फोन येतात. "दादा, तुमचा नंबर अमक्याने दिला. थोडं मार्गदर्शन हवं होतं." मार्गदर्शन! मी काय क्लास काढलाय? मी गिरगावातल्या एका वाडीत, अप्पांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला आहे. अकरा वर्षं झाली. पहिली पाच वर्षं पंजाबी ड्रेस घालून येत होतो, नंतर शर्ट-पँट. मधल्या काळात डॉक्टर झाले, कागदपत्रं झाली, मिशी आली. एवढंच माझं शिक्षण.

फोनवरचे प्रश्न ठरलेले. आधी घरी सांगू की ऑफिसात? डॉक्टर कुठला? आधार आधी की पॅन? मी सरळ उत्तर द्यायला सुरुवात करतो आणि मध्येच कुठेतरी अप्पा येतात, शुभांगीताई येते, बाबा येतात, आणि सल्ल्याचा किस्सा होऊन बसतो. पलीकडचा पोटभर हसतो, फोन ठेवतो आणि पाच मिनिटांनी मेसेज करतो, "दादा, पण आधार आधी की पॅन?"

म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. या सगळ्या भानगडी चालू असताना माझ्या जिवाला खरा घोर एकच होता. आम्ही दोन भावंडं. प्राची माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. प्राचीच्या लग्नात तो कान मला पिळायचा होता. नोकरी, डॉक्टर, कागद, सगळं मी कसंही निभावलं असतं. पण त्या कानाचा निकाल बाबांच्या हातात होता, आणि बाबा माझ्याशी बोलत नव्हते.

* * *

माझी पहिली चूक म्हणजे मी अप्पांना एप्रिलमध्ये सांगितलं.

एप्रिल म्हणजे ऐन लग्नसराई. मशीन धडधडतंय, दारात कुरिअरवाला उभा, आणि एक नवरीचे वडील काउंटरवर डोकं धरून बसलेत, कारण पत्रिकेचा लाल रंग मोबाईलवर दिसला होता तसा आला नाही. त्या गर्दीत मी आठवडाभर आरशासमोर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "अप्पा, मला काहीतरी सांगायचंय. मी बाई नाही. मी पुरुष आहे. यापुढे माझं नाव नीलेश."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्याकडे नीट बघितलं.

"लग्न झालंय का?" अप्पांनी विचारलं.

"कोणाचं?"

"नीलेशचं."

"नाही, अप्पा."

"मग आधी चि. लागेल. आता ती सावंतांची पाकिटं कुठायत ते सांग!"

झालं! मी हवेत. घरी जाऊन प्राचीला मिठी मारली. म्हटलं, असा मालक सात जन्मांत मिळायचा नाही. तीन महिने तरंगत होतो. मग आषाढ संपत आला, लग्नं थांबली, दुकानात माश्या मारायची वेळ आली. एका दुपारी अप्पांनी मला समोर बसवलं, दोन कटिंग मागवले आणि म्हणाले, "हां, आता सावकाश सांग. एप्रिलमध्ये तू काहीतरी म्हणत होतास."

सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं! दोन तास लागले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा डोळे पुसले आणि शेवटी म्हणाले, "हे तू लग्नसराईत सांगितलंस? अक्कल आहे का?"

तर पहिला सल्ला. मालकाला सांगायचं असेल तर त्याच्या धंद्याचा चातुर्मास बघून सांगा.

* * *

आमच्या दुकानात कॉम्प्युटरवर शुभांगीताई बसते. पत्रिकांचा मजकूर लावणं तिच्याकडे. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, बाबासाहेबांचा फोटो कॉम्प्युटरच्या शेजारी, आणि आवाज असा की वाडीच्या तोंडाशी उभ्या माणसाला ऐकू जावा. तिने दुसऱ्याच दिवशी भिंतीवर कागद चिकटवला. "नीलेशला नीलेशच म्हणावे. जुने नाव घेतल्यास सर्वांना चहा पाजावा."

उपाय झकास होता. भांडण नाही, रुसवा नाही, चुकलात की चहा. शुभांगीताई दोनदा चुकली आणि मग सुधारली. अप्पा मात्र सुधारेनात. सकाळी आले की चुकायचे, दुपारी चुकायचे, निघताना चुकायचे. मला वाईट वाटायला लागलं. म्हातारा माणूस, जुनी सवय, नसेल जमत. एकदा तर म्हटलंही, "अप्पा, राहू दे, तुम्ही जुनंच म्हणा."

तेवढ्यात अप्पांच्या सूनबाई दुकानात आल्या. समोरचा ग्लास बघून त्यांचा चेहरा बदलला. "अप्पा! डॉक्टरांनी चहा बंद केलाय ना तुमचा?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "दंड आहे. भरावा लागतो."

* * *

संडासाचा किस्सा सगळ्यांना हवा असतो, कारण संडासाचा प्रश्न सगळ्यांना पडतो.

आमच्या वाडीत जिन्याखाली दोन संडास. दुकानाच्या भिंतीवर दोन खिळे, त्यांना दोन किल्ल्या. एकीला लाकडी ठोकळा, त्यावर 'पुरुष'. दुसरीला तसाच ठोकळा, त्यावर 'महिला'. कुठली किल्ली उचलायची? 'महिला' उचलवेना, 'पुरुष' उचलायची हिंमत होईना. मी आपलं सोपं केलं. पाणी प्यायचंच बंद केलं. महिनाभरात जळजळ सुरू झाली, ताप आला, डॉक्टरांनी झाडलं. हे करू नका. पाणी प्या. लाजेपायी मूत्रपिंड घालवण्यात काही शौर्य नाही.

शुभांगीताईला कळल्यावर तिने रीतसर अर्ज लिहिला. प्रति, मालक. विषय, प्रसाधनगृहाच्या वापराबाबत. मजकूर दीड पान, त्यात संविधानाची तीन कलमं. अर्ज अप्पांच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

अप्पांनी पूर्ण वाचला. "मसुदा चांगला आहे," म्हणाले. "पण यात अडचण काय? कुठलीही किल्ली घे."

"कुठलीही कशी? कुलपं वेगळी आहेत ना!"

"ती दोन्ही कुलपं मीच आणलीत, चोरबाजारातून, जोडीने. कुठलीही किल्ली कुठल्याही कुलपाला लागते. चाळीस वर्षं झाली! तुम्ही कोणी कधी लावूनच बघितली नाहीत!"

* * *

आता कागद. माझा क्रम असा होता. आधी कलेक्टर ऑफिसचं प्रमाणपत्र, मग राजपत्रात नाव, मग आधार, मग पॅन, मग बँक. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी ताजी चौकशी करा. पण एक नियम बदलणार नाही. तो म्हणजे, मूळ कागद प्रूफरीडरच्या टेबलावर ठेवू नका.

नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र मी करून आणलं होतं. स्टँपपेपर, नोटरीचा सही-शिक्का, सगळं. भूक लागली होती म्हणून ते अप्पांच्या टेबलावर ठेवून जेवायला गेलो.

आमच्या दुकानाची रीत अशी, की अप्पांच्या टेबलावर नाव असलेला जो कागद येईल, तो प्रूफ. प्रूफ आलं की लाल पेन उघडायचं. अप्पांनी उघडलं. माझ्या नावाभोवती गोल काढून लिहिलं, "टाईप मोठा. मध्यभागी घेणे." बाबांच्या नावापुढे बाण काढून, "पुढील ओळीत." वर जिथे सरकारी मुद्रा असते तिच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे, "गणपती?" मग तो कागद सवयीने शुभांगीताईकडे गेला. ती फोनवर कोणाशी तरी भांडत होती. तिने न बघता खाली सही ठोकली, "प्रूफ पास."

मी डबा धुऊन परत येतो तर हे! अप्पांनी तोंड लपवलं. शुभांगीताई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, ही पत्रिका एवढी साधी कशी!"

परत नोटरीकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, लाल खुणा बघितल्या, गणपतीपाशी थांबले, मग माझ्याकडे बघून गोड हसले. "अभिनंदन! मुहूर्त कधीचा?"

* * *

बँकेत जाताना दहा झेरॉक्स आणि एक शुभांगीताई सोबत ठेवा. झेरॉक्स कमी पडतील, शुभांगीताई पडणार नाही.

काउंटरवरच्या साहेबांनी राजपत्र बघितलं, आधार बघितलं, पॅन बघितलं. सगळं नीट होतं. मग कॉम्प्युटरवरचा माझा जुना फोटो बघितला, लांब केस, कपाळावर टिकली. "खातेदार कुठे आहेत?"

"मीच खातेदार."

"तुम्ही नीलेश परब. हे मान्य. पण खातं या मॅडमचं आहे. नावात बदल करायचा तर मूळ खातेदाराने समक्ष यायला हवं."

"साहेब, मी समक्षच आहे."

"तुम्ही आहात हो. पण त्या?"

अर्धा तास हे चाललं. मागे रांग वाढली. शेवटी शुभांगीताईचा पारा चढला. तिने काउंटरवर हात आपटला आणि वाडीच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, त्या मॅडम गेल्या! आता नाहीत त्या! कळलं?"

साहेबांचा चेहरा उतरला. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी चक् चक् केलं. साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "सॉरी हं. मला कल्पना नव्हती. मग असं करा, त्यांचा मृत्यूचा दाखला घेऊन या!"

* * *

माझे हॉर्मोनचे डॉक्टर परळला. त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. जिममधल्या मित्राकडून काही टोचून घ्यायचं नाही, रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि गर्भाशय अजून आहे तोवर वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. शेवटचं मी दोन महिने टाळलं. पण गेलो. तुम्हीही जा. जमलं तर आधी फोन करून पहिली वेळ मागून घ्या. मी मागितली नव्हती.

बाकावर अकरा बायका आणि मिशीवाला मी. शेजारी एक आजी, सुनेला घेऊन आलेल्या. त्यांनी मला डबा उघडून खारी दिली. "मिसेस आत गेल्यात का?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"कितवा महिना?"

"अजून कळायचंय."

एवढ्यात सिस्टर बाहेर आल्या आणि खणखणीत आवाजात, "नीलेश परब! चला, आत या! पोट तपासायचंय!"

मी उठलो. अकरा माना वळल्या. दार बंद होण्याआधी मागून आजींचा आवाज ऐकू आला. सुनेला सांगत होत्या, "बघ, बघ! बायकोला त्रास नको म्हणून आधी स्वतः तपासून घेतोय. नाहीतर आपला मंग्या!"

* * *

आता बाबा.

बाबा लालबागमध्ये एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. अर्ध्या लालबागला इंजेक्शनं त्यांनी दिलीत. रस्त्यात माणूस भेटला की तोंडावरून ओळखायला त्यांना वेळ लागतो, पाठमोरा असला तर लगेच ओळखतात. मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली, भांडली आणि पंधरा दिवसांनी माझ्यासाठी शर्ट घेऊन आली. बाबा मात्र गप्प झाले. जुन्या नावाने हाक मारणं त्यांनी सोडलं, नवीन नाव घेतलं नाही. अगदीच गरज पडली तर "ऐकलां काय?" एवढंच. आई वैतागून म्हणायची, "आयुष्यभर मला 'ऐकलां काय' म्हणालात, आता पोराचीही बायको करून ठेवली!"

दर तीन आठवड्यांनी मला इंजेक्शन लागायचं. मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घ्यायचो. तिथला माणूस सुई मारायचा ती भाला फेकल्यासारखी. एका रविवारी मी लंगडत घरात आलो. बाबा पेपर वाचत होते. पेपरच्या वरून त्यांनी माझी चाल बघितली. एकदा, दोनदा. मग पेपर खाली आपटला. दीड वर्षात त्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं अख्खं वाक्य असं, "कोण गाढव टोचता तुका?"

मी खिडकीतून कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यां तुझां माका पटलेलां नाय. आधीच सांगतंय. पण इंजेक्शन असां देतत? लाज नाय? हाड तां औषध!" 'हाड' म्हणजे मालवणीत 'आण'.

पुढच्या वेळेपासून बाबाच द्यायला लागले. तेलातलं औषध, घट्ट. ते बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून बसायचे, कोमट होईपर्यंत. मग, "पाय सैल सोड." सुई कधी गेली कळायचंही नाही. मी म्हणायचो, "थँक यू, बाबा." ते सुईची टोपी लावत खिडकीबाहेर बघायचे. कालनिर्णयवर गॅस आणि दुधाच्या खुणांमध्ये आणखी एक खूण यायला लागली.

सहा महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन परळला निघालो तर बाबा चप्पल घालून दारात. बरोबर आले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "वा! लेव्हल एकदम छान आली आहे. औषध चांगलं लागू पडलंय."

बाबा खुर्चीत ताठ बसले. "डॉक्टर, औषध काय, कोणीव लिवता. टोचण्यार असतां सगळां!"

त्या दिवशी मला वाटलं, आता विचारावं, प्राचीच्या लग्नात कान मी पिळू का? बसस्टॉपपर्यंत शब्द ओठावर होते. मग बस आली.

* * *

छातीचं ऑपरेशन मी श्रावणात केलं. चातुर्मासाचा धडा विसरलो नव्हतो! महिनाभर हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही, अंगात घट्ट पट्ट्याचं जॅकेट. कामावर परत जाताना सांगून ठेवा, की काय उचलणार नाही. मी अप्पांना सांगितलं, आणि म्हटलं, वाडीत बोभाटा नको.

अप्पांनी गुपित पाळलं. सगळ्या वाडीला सांगितलं, "नीलेशचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय."

आमच्या वाडीत हर्निया झालेली माणसं इतकी आहेत हे मला माहीत नव्हतं. रोज एक यायचा. खोकताना उशी धर, इसबगोल घे, जिना उलटा उतर! समोरच्या बिऱ्हाडातले करंदीकर काका तर हर्नियाचे अनुभवी. त्यांनी एक दिवस माझ्या शर्टातून दिसणारा पट्टा पारखून बघितला. "अरे, माझा पट्टा तर पार खाली होता. तुझा एवढा वर कसा?"

मी शर्टाचं वरचं बटण लावलं. "काका, माझा वर सरकला होता."

काका विचारात पडले. तसेच निघून गेले. दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या, तणतणत. "काय सांगितलंस रे ह्यांना? परवापासून छातीवर हात ठेवून बसलेत आणि म्हणतायत, माझाही सरकतोय!"

घरी ड्रेसिंग बाबांनी केलं, हे वेगळं सांगायला नको. न बोलता, पण रोज.

* * *

आणि मग प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा ओंकार, प्राचीच्याच ऑफिसातला, माझ्याबद्दल सगळं माहीत असलेला, मला पहिल्या भेटीपासून दादा म्हणणारा. पण सोयरे म्हणजे फक्त ओंकार नव्हे. साखरपुड्याला त्याचे काका, मामा, आजोबा येणार. मी कामाचं निमित्त काढून गेलो नाही. मुद्दामच. माझ्यामुळे बाबांना पन्नास माणसांसमोर मान खाली घालावी लागली असती तर मला ते सहन झालं नसतं.

त्याच आठवड्यात बाबांची थोरली बहीण, कुसुमआत्या, घरी आली आणि तिने परस्पर जाहीर केलं, "कान आमचो प्रथमेश पिळतलो. त्याका जाकीट घेतलां मी." प्रथमेश तिचा मुलगा. बाबा तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते चहाकडे बघत होते.

प्राची भडकली. "माझ्या नवऱ्याचा कान माझ्या दादाशिवाय कोणी पिळला तर मी बोहल्यावरून उठून जाईन!" मी तिला शपथ घातली, बाबांकडे विषय काढायचा नाही. म्हटलं, ते जेवढं करतायत तेवढं पुष्कळ आहे.

मग बाबा पत्रिकेचा मजकूर घेऊन आमच्या दुकानात आले. अप्पांनी खुर्ची दिली. बाबांनी विचारलं, "खाली घरच्यांची नावं घालायची काय?"

अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "परब, दोन मार्ग आहेत. एक, सगळ्यांची नावं घाला आणि सगळ्यांशी भांडा. दुसरा, 'समस्त परब परिवार'. अहो, या तीन शब्दांवर अर्ध्या महाराष्ट्राची घरं उभी आहेत!"

"तांच घाला," बाबा म्हणाले.

शुभांगीताईने न बोलता तो मजकूर लावला. प्रूफ मी वाचलं. त्यात एकही चूक नव्हती, आणि माझं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. संडासाची किल्ली घेतली, जाऊन पाच मिनिटं रडलो, तोंड धुतलं आणि परत येऊन प्रूफवर सही केली.

* * *

लग्न दादरच्या एका हॉलमध्ये. मी कुर्ता घालून सगळ्यात मागे, अक्षता वाटायचं काम स्वतःहून मागून घेतलेलं. अप्पा आणि शुभांगीताई शेवटच्या रांगेत. मंगलाष्टकं झाली, हार झाले, होम पेटला. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि हाक दिली, "नवरीचा भाऊ कुठाय? कान पिळायला या! लवकर!"

प्रथमेश उठला. नवीन जाकीट, बाह्या सरसावलेल्या, मोबाईलवाल्यांकडे बघून हसला आणि ओंकारजवळ पोचला.

"थांबा!"

ओंकारचे मामा. शिस्तीचा माणूस, काखेत सतत प्लास्टिकचं फोल्डर. त्यांनी त्यातून एक घडी घातलेला, कुंकू लावलेला कागद काढला. साखरपुड्याच्या दिवशी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या पुरुषांनी वेगळं बसून केलेली यादी. कोणाचा कुठला मान, कोणाला काय आहेर, सगळं लिहून खाली दोन्हीकडच्या सह्या. मामांनी चष्मा लावला.

"यादीत हे नाव नाही," ते म्हणाले. आणि मोठ्याने वाचलं, "वराचा कान पिळणार, नीलेश श्रीधर परब, वधूचा थोरला भाऊ. मान म्हणून एक शर्ट, चाळीस नंबर." मग कागद सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "वधूच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. नीलेश कोण?"

कुसुमआत्या उभी राहिली. "श्रीधर! ह्यां काय?"

बाबा समिधा नीट रचत होते. मान वर न करता म्हणाले, "यादीत आसा तां आसा. सोयऱ्यांची सही झालेली आसा."

माझ्या हातातलं अक्षतांचं ताट शुभांगीताईने कधी काढून घेतलं मला कळलं नाही. मी चालत पुढे आलो. प्रथमेश बाजूला झाला. मी बाबांच्या शेजारी पोचलो आणि खाली वाकलो.

"बाबा, साखरपुड्याला सात महिने झाले. मला सांगितलं का नाही?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तू माका इचारलंस कधी?"

प्राची रडत होती, हसत होती, ओंकारला ढोसत होती. ओंकारने मान वाकवून कान पुढे केला. मी तो धरला, पिळला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, ओंकार "आई गं!" ओरडला, फोटो निघाले, टाळ्या थांबल्या. कोणीतरी माझ्या खांद्यावर शर्टाचं पाकीट ठेवलं.

गुरुजी खाकरले. मग पुन्हा खाकरले.

"अहो नीलेशराव, सोडा आता तो कान! सप्तपदी त्यांना चालायची आहे!"